जुन्या हॅचबॅकचे ब्रेक : मोठी डिस्क बसवण्याआधी करायची कामं

कुंभार्ली घाट चिपळूणच्या बाजूला उतरताना माझ्या २००२ सालच्या झेनचं ब्रेक पॅडल एका वळणाआधी लोण्यात पाय रुतावा तसं खाली गेलं. दोन-तीनदा पंप मारल्यावर ब्रेक लागला, गाडी कडेला उभी राहिली आणि आम्ही चौघे काही न बोलता खाली उतरलो. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. मागची चाकं मात्र गारढोण.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने निदान केलं, "साहेब, हिची डिस्कच लहान आहे. वरच्या मॉडेलची डिस्क-कॅलिपर टाकू." (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, कॅलिपर म्हणजे तिला दोन पॅडच्या चिमटीत धरणारा भाग.) आजार म्हशीला आणि औषध पखालीला! ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळं पडलं होतं आणि मागचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे कमानीसारखे तुकडे) ड्रमला धड टेकतच नव्हते, म्हणजे सगळा भार पुढची दोन चाकंच उचलत होती. मागच्या चाकांच्या गारव्याचं कारण तेच. कंपनीने दिलेले ब्रेक पूर्ण क्षमतेने चालू केल्यावर तीच गाडी त्याच डिस्कवर तोच घाट उतरते आहे. ८००, झेन, जुनी अल्टो, वॅगन आर, सँट्रो अशी पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली गाडी तुमच्याकडे असेल, तर पुढची कामं याच क्रमाने करा. क्रम महत्त्वाचा आहे. खर्चाचं काम शेवटी येतं आणि बहुतेक वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही.

घाटात ब्रेकवर किती भार येतो?

थोडं गणित करू. माणसांसकट ११०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली की सुमारे २७० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन डिस्क-ड्रममध्ये जाते. आता लोणावळ्याहून बोरघाटाने खोपोलीला उतरा. उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटर. तेवढी उंची उतरताना सुटणारी ऊर्जा ५,९०० किलोज्यूलच्या घरात जाते. म्हणजे ताशी ८० वरून गाडी पूर्ण थांबवण्याचा प्रकार एकामागोमाग एक बावीस वेळा! न्यूट्रलवर उतरणारा हा सगळा भार ब्रेकवर टाकतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणाऱ्याचा त्यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांसाठी एक माहिती : फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनला पेट्रोल जवळपास जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं जातच राहतं.

तापलेले ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. पॅडल मऊ पडून खाली गेलं, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, तापून त्याची पकड गेली आहे. पहिल्याचा इलाज ऑइलमध्ये आहे, दुसऱ्याचा पॅडमध्ये आणि दोन्हींचा तुमच्या गिअरमध्ये.

पाना हातात घेण्याआधी

इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय दाबलेलाच ठेवून गाडी सुरू करा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) ठीक आहे. जागचं हललंच नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघावा लागेल. जुन्या गाड्यांत या पाइपला बारीक चीर पडलेली असते आणि लोक आख्खा बूस्टर बदलून बसतात.

आता इंजिन चालू असताना पॅडल अर्धा मिनिट सारख्या जोराने दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठेही ऑइल गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे (पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर) आतले रबर गेलेत. यात हयगय नको. बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते करा.

मग मोकळ्या, सपाट, कोरड्या जागी ताशी ४० ला खुणेच्या रेषेवर जोरात ब्रेक मारा आणि रेषेपासूनचं अंतर टेपने मोजा. मागे कुणी नाही याची खात्री करा. बऱ्या टायरची, नीट ब्रेकची गाडी कोरड्या डांबरावर आठ-नऊ मीटरमध्ये थांबायला हवी. गाडी कुठल्या बाजूला ओढते का, पॅडल थरथरतं का, कुठलं चाक आधी लॉक होतं, हे लिहून ठेवा. शेवटी हीच चाचणी पुन्हा करायची आहे. आकडा नसला की नवा पॅड टाकल्यावर "मस्त लागतात आता" असं प्रत्येकालाच वाटतं.

टायर

ब्रेक चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर. टायर कडक झाला असेल तर वर कितीही भारी डिस्क लावा, चाक लॉक होऊन गाडी घसरत जाईल. जुन्या हॅचबॅकमध्ये हे हमखास दिसतं. रनिंग कमी असल्याने नक्षी भरपूर शिल्लक असते, पण रबराचं लाकूड झालेलं असतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचा टायर नक्षीकडे न पाहता संशयाने तपासा. खाचांच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, नक्षी झिजली की टायर संपला. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा, पंपवाल्याच्या अंदाजाने नको.

एकाच वेळी सगळा खर्च झेपणार नसेल तर ब्रेकचे भारी सुटे भाग थांबू द्या, टायर आधी घ्या.

पुढची चाकं

सपाट जमीन, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, गाडी जॅकने उचलून घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, "पाचच मिनिटांचं काम आहे" म्हणूनही नाही.

या गाड्यांचा कॅलिपर एका पिस्टनचा आणि सरकता असतो. पिस्टन आतला पॅड ढकलतो आणि त्या प्रतिक्रियेने आख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिना गंजून जाम झाल्या की बाहेरचा पॅड नुसता पाहुणा. तुमचा आतला पॅड पातळ आणि बाहेरचा जाडजूड निघाला, तर निदान झालंच. कॅलिपरचे बोल्ट सोडा, कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा, रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका. पिना ओढून काढा, जुनं ग्रीस पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने घालवा आणि ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीस लावा. चेसिसला मारतात ते साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने पिनांचे रबर फुगतात आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा जाम होते. हे साधं ग्रीस लावणारे गॅरेजवाले मी स्वतः पाहिले आहेत. दोष त्यांचा कमी, डब्यात तेवढंच ग्रीस असतं. छोटी ट्यूब आपणच घेऊन जा.

पिस्टन जी-क्लॅम्पने हळूहळू आत दाबा. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा, ती उतू जाऊ शकते आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पिस्टन आत जायलाच तयार नसेल तर ब्लीडर निप्पल (ऑइल आणि हवा बाहेर काढायची छोटी तोटी) किंचित सोडून पाहा. आता सहज गेला, तर कॅलिपर निर्दोष आहे आणि रबरी पाइप आतून फुगून बंद झालाय. निप्पल सोडूनही जात नसेल तर पिस्टनच गंजलाय. सील किट टाका किंवा कॅलिपर बदला.

डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. कडेला झिजेची ओठासारखी धार येते, म्हणून मोजताना मधली जाडी मोजा. पॅडल थरथरत असेल तर डिस्क लेथवर फेस मारून (वरचा थर सपाट कातून) घेता येते, पण फेस मारल्यावर किमान जाडीच्या वर राहणार असेल तरच. छोट्या गाडीची डिस्क मुळातच पातळ असते, तेव्हा नवी जोडी घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, गंज ब्रशने पूर्ण काढा. गंजाची एक खपली मध्ये राहिली तरी नवी डिस्क डोलते आणि दोष पार्टवर येतो.

पॅडचा मसाला तीन मिलिमीटरवर आला की बदला, नेहमी दोन्ही चाकांचे एकदम. ओरिजिनल किंवा नावाजलेल्या ब्रँडचे साधे पॅड घ्या. रेसिंगचे पॅड तापल्यावर चांगले धरतात, थंड असताना नाहीत. सकाळी शाळेसमोर पहिला ब्रेक मारता तेव्हा तुमचे पॅड थंडच असतात. पॅकिंगवरचा होलोग्राम, पावती, दुकान हे सगळं बघा. ब्रेक पॅडमध्ये डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे आणि नकली पॅड पहिले दोन महिने अस्सलसारखाच वागतो.

मागचे ड्रम

सगळे जण जे काम टाळतात ते हेच. आधी हँडब्रेक सोडा, पण त्याआधी पुढच्या चाकांना दगड लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. ड्रम जाम असेल तर त्यावर आट्यांची दोन भोकं आहेत का पाहा. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम बाहेर येतो. हातोड्याने कडा ठोकू नका, बीड तडकतं. काही मॉडेलमध्ये बेअरिंग ड्रममध्येच बसलेलं असतं आणि मधली टोपी काढून नट सोडावा लागतो. तो नट किती आवळायचा हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा. अंदाज चालणार नाही.

ड्रममधली काळी पूड कॉम्प्रेसरने उडवायची आपल्याकडे सवय आहे. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या मसाल्यात) ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. साबणाच्या पाण्याने ओली करा, पुसा, मास्क लावा.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या हे विसरलं तर दुसरी बाजू बघता येते. मोबाइलवर फोटोही काढा. व्हील सिलिंडरच्या (शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोप्या उचलून बघा. आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरतात, तसलं काही करू नका. मसाल्याने प्यायलेलं ऑइल पहिल्याच घाटात बाहेर येतं.

आता ॲडजस्टर. लायनर झिजेल तसा शू आपोआप बाहेर सरकवणारी ही दातेरी यंत्रणा. कोकणच्या दमट हवेत आणि दोन-चार वेळा पाण्यातून गाडी काढल्यावर ती गंजते आणि थांबते. शू ड्रमपासून लांब राहतात, ब्रेक लागायला पॅडल जास्त खाली जातं, हँडब्रेकही वर येतो. मग गॅरेजमध्ये काय करतात? हँडब्रेकची केबल आवळून देतात. हँडब्रेक कडक लागतो, मालक खूश. पण केबलने शू सतत अर्धवट ओढलेले राहिल्याने ॲडजस्टरला सरकायला वावच उरत नाही, आणि मूळ दुखणं कायमचं लपतं. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

म्हणून आधी केबल ढिली करा. ॲडजस्टर साफ करून सुटा फिरतो का पाहा. शू अशा अंतरावर आणा की ड्रम बसवल्यावर हाताने फिरवताना नुसती घासल्याची चाहूल लागावी, अडकू नये. पॅडल दहा-पंधरा वेळा दाबा म्हणजे शू मध्यावर बसतात, पुन्हा फिरवून बघा. सगळ्यात शेवटी हँडब्रेकची केबल, हँडब्रेक ओढताना साधारण पाच ते सात 'टिक' आवाजांवर गाडी धरली जाईल अशी. या एका कामाने पॅडल जितकं वर येतं तितकं नव्या पॅडनेही येत नाही.

ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, डबीचं झाकण लावलेलं असलं तरी रबरी पाइपांतून थोडं थोडं शोषतच राहतं. नव्या डॉट ३ (डॉट म्हणजे बाटलीवर लिहिलेला ऑइलचा दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की १४० वर आलेला चालतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात कॅलिपरजवळचं ऑइल एवढं तापणं मुळीच अवघड नाही. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचं आहे. दोन वर्षांनी एकदा, घाट-कोकण करणाऱ्याने पावसाळा संपल्यावर, ऑइल बदलायचंच. अर्धा-एक लिटर पुरतं. बाटली सीलबंद घ्या, मागच्या वर्षीची उघडी अर्धी बाटली नको.

दोन माणसं लागतात. डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढा, नवं भरा. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. तुमच्या मॉडेलचा क्रम मॅन्युअलमध्ये असेल तर तोच पाळा. निप्पल गंजलेला असेल तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं ऑइल मारा आणि रिंग पाना वापरा, उघड्या पान्याने कडा गोल होतात. निप्पलवर पारदर्शक नळी, नळीचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. आतल्या माणसाने "दाबलं" म्हणायचं आणि पाय धरून ठेवायचा. बाहेरच्याने निप्पल सोडायचा, पॅडल खाली जातं, निप्पल बंद, मगच "सोड". हा क्रम चुकला की हवा आत गेलीच. स्वच्छ, बुडबुड्याविना ऑइल येईपर्यंत असंच. डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन अर्ध्याच अंतरात फिरतो, पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज साचलेला असतो. पॅडल तळापर्यंत दाबलं की रबर त्या खरखरीत भागावर घासून फाटतात. "ऑइल बदललं आणि आठवड्यात मास्टर गेला" या तक्रारीचं एक मोठं कारण हेच.

याच वेळी रबरी पाइप वाकवून बघा. चिरा दिसल्या किंवा पाइप पंधरा-वीस वर्षांचे असतील तर बदलून टाका. स्टीलच्या जाळीचे पाइप लावल्याने पॅडल थोडं घट्ट लागतं, थांबण्याचं अंतर त्याने कमी होत नाही.

पॅड बसवून घेणं

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, दर दोन ब्रेकच्या मध्ये अर्धा-एक किलोमीटर चालवा. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळा.

मग मोठी डिस्क कधी?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. ताशी ४० ला जोरात ब्रेक मारल्यावर तुमची चाकं लॉक होत असतील, तर ब्रेकची ताकद टायरपेक्षा जास्तच आहे. मोठी डिस्क एका थांबण्याचं अंतर कमी करणार नाही, फक्त वारंवार तापणं सोसेल. ट्रॅकवर जाणाऱ्याला, मोठं इंजिन टाकलेल्याला तिचा उपयोग आहे. आपल्याला नाही. भोकं पाडलेल्या डिस्क तर दिसायलाच छान. भोकांपाशी तडे जातात.

मागे ड्रमऐवजी डिस्क हा त्याहून धोक्याचा हट्ट. जोरात ब्रेक लागताना गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, म्हणून कंपनी मागचा दाब व्हॉल्व्हने कमी ठेवते. ते गणित बिघडलं की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. यातल्या बहुतेक गाड्यांत एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही; आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं २०१९ च्या एप्रिलपासून. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर आहे.

एक अपवाद : कार्ब्युरेटरच्या काळातल्या बऱ्याच ८०० गाड्यांना बूस्टरच नव्हता. तिथे नंतरच्या ८०० चा बूस्टर बसवणं समजण्यासारखं आहे, विशेषतः गाडी घरातली वयस्कर माणसं चालवत असतील तर. मात्र बूस्टर, त्याचा मास्टर सिलिंडर आणि पॅडलचा ब्रॅकेट हे सगळं एकाच गाडीतलं हवं. बूस्टरने पायाचे कष्ट कमी होतात, टायरची पकड तेवढीच राहते.

आता पुन्हा त्याच जागी, त्याच रेषेवर, ताशी ४० ला. माझ्या झेनचा आधीचा आकडा साडेबारा मीटर होता, नंतर नऊच्या आत आला. त्यातला बराच वाटा नव्या टायरचा. शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून बघा, डबीतली पातळी तपासा, आणि घाट उतरून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन ऊब बघा. डिस्कला हात लावायचा नाही. डावं-उजवं सारखंच कोमट हवं. मागची चाकं गार लागली तर ड्रम पुन्हा उघडा.